येळवशीच्या दुपारचे तीन फोन

माझी मोटरसायकल मी मुद्दाम अमावस्येला घेतली होती. बायको आठ दिवस मागे बसली नाही. मी म्हणायचो, माती तपासणारा माणूस मी, मला भुताखेतांचं काय सांगता? मृदाशास्त्र शिकवतो. जे परीक्षानळीत दिसतं तेवढंच खरं, असं वर्गातसुद्धा म्हणायचो. आता म्हणत नाही.

घडलं ते दोन वर्षांपूर्वी, गंगाखेडच्या अलीकडे, विद्यापीठाच्या एका मुलांच्या वसतिगृहात. मी तिथे सहायक रेक्टर आहे. नाव लिहीत नाही, कारण झाल्या प्रकारात संस्थेची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

आमच्याकडे रेक्टर लोकांची पाळी लागते. ज्याची पाळी, त्याच्याकडे ड्युटीचा मोबाईल. साधा, बटणांचा. मुलांच्या घरच्यांकडे तोच नंबर असतो. पोरानं स्वतःचा फोन उचलला नाही की आई-बाप आम्हाला लावतात. "सर, आमचं पोरगं जेवलं का बगा की." दिवसातून असे पाच-सहा तरी. खरं सांगतो, या फोनांचा मला कंटाळा आला होता. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या नकला करून दाखवायचो. लोक हसायचे.

त्या दिवशी येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शिवारात... कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्यांचं शेत आहे ती पोरं ज्यांचं नाही त्यांना सोबत नेतात. मेस बंद. वॉचमनसुद्धा सकाळीच निघाला.

"सर, तुमी बी चला की. काय भिताडं राखत बसता?"

"ड्युटी आहे रे बाबा."

"मग डबा पाठवून देतो," म्हणाला, आणि पाठवला.

दुपारी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून उन्हात बसलो होतो. थंडीचे दिवस, छान ऊन. भज्जीचा डबा मांडीवर. तेवढ्या मोठ्या इमारतीत एकटाच. इतकी शांतता की लांबच्या शिवारातली माणसं बोललेली ऐकू येत होती. आणि फोन वाजला.

बाईचा आवाज. आपल्याकडचाच, खेड्यातला.

"सर, माज्या लेकराला उठवा की. लय येळ झालाय, उठंना गेलाय."

"कोण लेकरू?"

"विष्णू." (नाव बदललं आहे.) "वरल्या अंगाची, कडंची खोली."

विष्णू मला माहीत होता. शेवटच्या वर्षाचा, स्पर्धा परीक्षा देणारा, अबोल. आई-बाप ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. मी म्हणालो, "आई, आज येळवस. सगळी पोरं शिवारात गेलीत. संध्याकाळी फोन करायला सांगतो."

फोन ठेवला आणि परत भाकरी मोडली.

थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज. "सर, बगितलं का?"

मी सांगितलं, "हो, बघून आलो. कुलूप आहे बाहेरून. गेलाय तो."

खोटं. मी जागचा हललो नव्हतो.

ती बाई रागावली नाही. हळूच म्हणाली, "न्हाई बगितलं तुमी. तुमी खुर्चीवरून उठलाच न्हाई, सर. जेवायलाव तुमी."

डबा मांडीवरून खाली घसरला. मी चौफेर पाहिलं. फाटक बंद, मैदान रिकामं, गच्चीवर कुणी नाही. फोन चालूच होता. तो तसाच कानाला धरून मी जिना चढलो. चप्पल वाजत होती ती माझीच, तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

कोपऱ्यातल्या खोलीला खरंच बाहेरून कुलूप होतं. दार वाजवलं. "विष्णू! ए विष्णू!" उत्तर नाही.

"आई, कुलूप आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कुलूप हाय. पर लेकरू आत हाय."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. अभ्यास करणाऱ्या मुलांची आमच्याकडे एक पद्धत आहे. मित्राला बाहेरून कुलूप लावायला सांगायचं, म्हणजे कुणी दार वाजवत नाही, कुणी चहाला ओढून नेत नाही. हे बंद करा, अशी सूचना मीच फळ्यावर लिहिली होती. त्या दारासमोर उभा असताना हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी वेगळाच विचार केला. वाटलं, पोरं माझी गंमत करताहेत. मी नकला करतो ते कळलं असणार, आता कुणीतरी लपून बाईचा आवाज काढतंय. भीती वाटली की माणसाला राग सोपा जातो... मी फोन कापला, "सापडा तर खरं, एकेकाला बघतो," असं मोठ्यानं ओरडलो आणि गच्चीवर शोधायला निघालो.

गच्चीवर वाळत घातलेली एक चादर सोडून काही नव्हतं.

तिथेच तिसरा फोन आला. मी उचलला.  तिचा फक्त एक शब्द.

"ऐका."

आणि मला श्वास ऐकू आला. तिचा नव्हे. कुणाच्या तरी घशात काहीतरी अडकल्यासारखा, घरघरणारा. एक श्वास... मग थांबा. पुन्हा एक... आणि लांब थांबा. प्रत्येक थांबा आधीच्यापेक्षा मोठा होत होता.

मी जिने कसे उतरलो आठवत नाही. पाण्याच्या मोटारीजवळ पडलेली पहार उचलली, वर पळालो आणि कोयंडा उचकटला.

विष्णू खाली गादीवर उताणा होता. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांच्या कडेनं लाळ, अंग गार. हाक मारली, हलवलं, काहीच नाही. मी खिडकीतून कुंपणापलीकडच्या शेताकडे बघून बोंब मारली. कोपीपाशी पंगत बसली होती. ती माणसं हात न धुता पळत आली. त्यांच्यातल्याच एकानं जीप काढली.

"मण्यार," दवाखान्यात डॉक्टरांनी घोट्यापाशी पाहून सांगितलं. "थंडीत उबेला अंथरुणात शिरते. झोपेत चावली की कळतसुद्धा नाही. हळूहळू एकेक स्नायू बंद पडतो." श्वासासाठी त्याला मशीन लावावी लागली. "थोडा उशीर झाला असता तर..." 

त्याच्या खोलीतला पोरगा शिवारातून धावत आला. म्हणाला, "सर, त्यानंच रात्री सांगितलं होतं, सकाळी कुलूप लावून जा म्हणून. मला वाटलं झोपलाय, मी आवाज न करता गेलो..." आणि रडायला लागला. मी त्याची पाठ थोपटली. त्याला तरी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विष्णूचे आई-वडील पोचले. वडील माझ्या पायाच पडायला लागले. "सर, तुमी देवासारकं धावलाव!" मी म्हणालो, "मी कुठला, यांनीच फोन केला म्हणून..." आणि आईकडे हात केला.

वडिलांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही? सर, ही तर जल्माची मुकी हाय."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी फडात तिनं कोयता टाकला आणि हातवारे सुरू केले. दार, कुलूप, झोपलेलं लेकरू. "म्या म्हणलं, येड लागलं का, मोळी बांद. दोनदा वरडलो तिच्यावर." 

ती बाई तोवर माझ्याकडे पाहत होती. तिनं हात जोडले नाहीत. बोटांनी काहीतरी खूण केली, घास तोंडाकडे नेल्यासारखी, आणि मग माझ्याकडे बोट.

"काय म्हणतात त्या?"

"काई न्हाई सर. हिचं काय ध्यानात घेता."

"सांगा ना."

ते चाचरले. "म्हणतीय... ह्यो मानूस जेवायला होता, उठत नव्हता."

ते फोन ज्या नंबरवरून आले, तो मी नंतर शोधला. गंगाखेडच्या एका किराणा दुकानदाराचा निघाला. तो म्हणाला, "साहेब, येळवशीला मी रानात होतो, फोन खिशात होता. मी कशाला लावतोय तुमाला?" विष्णूला तो ओळखतही नव्हता. त्यानं माझ्यासमोर फोन उघडून दाखवला. आमच्या ड्युटीचा नंबर त्यात नव्हता.

संस्थेनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या. 

विष्णू वाचला. नळी काढल्यावर, आम्ही दोघंच असताना, तो बसक्या आवाजात म्हणाला, "सर, मी शुद्धीवर होतो."

डॉक्टर म्हणतात, असं होतं. मण्यारीत शरीर बंद पडतं, कान चालू राहतात. पापणीसुद्धा उचलता येत नव्हती त्याला. मी दार वाजवलेलं, फोनवर बोललेलं, ओरडून निघून गेलेलं, सगळं त्यानं ऐकलं होतं. तरी त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"तुमी दाराबाहेर कुणाशी बोलत होतात, सर?"

"एका बाईशी. फोनवर."

त्यानं आपल्या उशाकडे बोट केलं.

"ती फोनवर नव्हती, सर. माज्या उशाशी होती. तुमी तिकडून बोलायचे आन् ती इकडून. माय कशी बोलती मला कदी कळलं न्हाई, म्हणून ओळखता आली न्हाई. तुमी गेल्यावर ती गप झाली. मग माज्या नाकापाशी काहीतरी धरलं तिनं. गार, चपटं. लय येळ धरलं होतं. ते काय असंल, सर?"

मी म्हणालो, "भास असेल. विष चढलं होतं तुला."

आज तो नोकरीला आहे. सणाला फोन करतो, "सर, जेवलात का?" विचारतो. डॉक्टर, शास्त्र शिकवणारे माझे मित्र, एक ओळखीचे पुजारी, सगळ्यांना विचारून झालं.  पण तिसऱ्या फोनमध्ये मी कुणाचा श्वास ऐकला, ते विष्णूला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.