श्वासावर चालणारे लाईट

मलकापूरच्या दवाखान्यात बायको आयसीयूत होती अन् मी बाहेर, बिनखिडकीच्या पॅसेजमंदी बसून राह्यलो होतो. तिथले जुने लाईट चालणाऱ्यालेच ओळखत, बसलेल्यावर विझून जात. नवे सेन्सर बसवून एकमेकाले जोडाले एक मिस्त्री आला होता. तोंडातले स्क्रू काढून शिडीवरून म्हणे, "काका, बिल्कुल हलू नका."

"बायको म्हणते, मले दुसरं येतेच काय!"

सगळे लाईट एकासंगं लागले. मी हललो नाही, तरी राह्यले.

"आता नुसत्या श्वासावर बी चालतात," तो बोलला.

मी आयसीयूच्या दाराकडे पाह्यलं. गावभर हसवणारा मी, भर उजेडात रडून राह्यलो.

त्यानं पाह्यलं. "अजून चेक करा लागते," म्हणे, अन् मोबाईलवरून सगळा पॅसेज अंधारा केला. बराच वेळ शिडी वाजली नाही.