अण्णा गोष्टीत रडले होते

आमच्या गावच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सची गाडी थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. एक कपड्यांची बॅग, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि येसर मसाल्याचा डबा, एवढंच माझं सामान. धाकटा भाऊ संतोष ते डिकीत ठेवत होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, आले नव्हते. ते सकाळीच शेतात गेले होते आणि त्या दिवसांत शेतात काही काम नव्हतं. मायनं माझा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "तिकडं कुणी इचारलं तर नवरा मिलिट्रीत हाय म्हण." मी मान हलवली. गाडी निघाली तेव्हा संतोष हात हलवत होता. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. ओझं उतरवल्यावर माणसाचा होतो तसा. तेव्हा मला ते कळलं नाही, पण पुढं तो चेहरा मी मनात फार वेळा पाहिला.

मागं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी हे लिहितेय, म्हणून आधी सरळ सांगते. माझा नवरा मिलिट्रीत नव्हता. त्याचं परळीला दुसरं बिऱ्हाड होतं आणि माझ्या सासरच्यांना ते लग्नाआधीपासून माहीत होतं. मला कळलं तशी मी माहेरी निघून आले. अण्णांनी मला परत पाठवलं नाही, पण घरात घेतलं असंही म्हणता येणार नाही. ते माझ्याशी बोलत नसत. पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "कुणी हाय का घरात?" मी तांब्या नेऊन ठेवायची.

मग संतोषसाठी स्थळं यायला लागली. पाहुणे चहा पिता पिता विचारायचे, "मोठी बहीण इथंच असते का?" दोन स्थळं तशीच परत गेली. एका दुपारी गोठ्यात मी शेण काढत होते, तिथं संतोष आला. तो तेव्हा गावातल्याच शाळेत मास्तर लागला होता. म्हणाला, "अक्का, चाकणला कंपन्यात बायकांना काम मिळतंय. काही दिवस जाऊन ये. माझं जुळलं की मीच तुला आणायला येतो." त्याचं जुळलं. लग्नाच्या आधी मायचा फोन आला, "रजा भेटत नसंल तर जिवाला लावून घेऊ नको." मी रजा मागितलेलीच नव्हती. माय काय म्हणतेय ते मला समजलं आणि मी मागितलीही नाही.

चाकणला गाड्यांच्या वायरिंगचं काम मिळालं. रंगीत वायरी बोर्डावर लावायच्या आणि टेप गुंडाळून त्यांची जुडी बांधायची. सुरुवातीला बोटं सोलून निघायची. खराबवाडीत आम्ही चौघी जणी एका खोलीत राहायचो आणि शिफ्ट वेगवेगळ्या असल्यामुळे एकमेकींना झोपलेल्याच जास्त पाहायचो. पुढं मी लाइन लीडर झाले आणि त्याच चाळीत वरच्या दोन खोल्या घेतल्या, एकटीसाठी. आता माझ्या बोलण्यात रिजेक्शन, ओव्हरटाइम, टार्गेट असले शब्द असतात. माय फोनवर म्हणते, "तुझं निम्मं मला कळत न्हाई." मला वाटतं, ते बरंच आहे.

चाळीच्या मालकीण हिराकाकू मूळच्या इथल्याच शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, मुलगे धंद्यात पडले आणि काकू टीव्हीपुढं. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या मला मालिका बघायला खाली बोलवायच्या. प्रत्येक मालिकेत एक रुसलेला बाप असायचा आणि आठवडे उलटले की तो दारात येऊन रडायचा. काकू डोळे पुसत म्हणायच्या, "बघ, शेवटी बाप जवळ घेतोच का न्हाई?"

"काकू, लिहिणाऱ्याला कुठंतरी संपवायचं असतं."

"लई संशयी हायेस तू."

होतेच. अजूनही आहे. मालिका असो, कंपनीतल्या कुणी वाचायला दिलेली कादंबरी असो, घरच्यांचं मनोमीलन सुरू झालं की मी बघायला लागायची, याचा फायदा कुणाला? रडून मोकळा कोण होतो आणि गप्प कोण बसतं? बहुतेक ठिकाणी गप्प बसणारी मुलगीच असायची. तिनं पाया पडायचं आणि विषय संपवायचा. ती नाही म्हणाली तर काय, हे कुणी लिहीतच नसे.

अशात एका दिवाळीला संतोषनं व्हॉट्सॲपवर एका दिवाळी अंकाची पानं पाठवली. खाली लिहिलं होतं, 'अक्का, माझी पहिली गोष्ट छापून आली. वाच.' कंपनीच्या बसमध्ये वाचायला घेतली. एक मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी येते. बाप तिच्याशी बोलत नाही. ती शहरात निघून जाते. मग बाप रोज फाट्यावर जाऊन बसतो, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघतो. शेवटी न राहवून शहरात जातो, मुलीच्या दारात उभा राहतो आणि रडत म्हणतो, "चुकलं माझं, पोरी." मुलगी त्याच्या पायावर पडते. गोष्ट संपते.

भाषा चांगली होती. तांब्याचं सगळं जसंच्या तसं होतं, "कुणी हाय का घरात?" सुद्धा. शेजारी बसलेली पोरगी म्हणाली, "दीदी, रो रही हो क्या?" मी रडत नव्हते. मी पानं मागंपुढं करून शोधत होते. त्या घरात बाप होता, आई होती, गोठा होता, गाय होती. भाऊ नव्हता. ती मुलगी आईबापाची एकुलती एक होती आणि आपल्याच मनानं घर सोडून गेली होती.

मग गावाकडून फोन सुरू झाले. ज्या आत्यानं इतक्या वर्षांत माझी चौकशी केली नव्हती ती म्हणाली, "मंगल, वाचलं गं बाई. अण्णा तुझ्याकडं येऊन गेले, आम्हाला कुणी बोललंच न्हाई." मी म्हटलं, "आत्या, ती गोष्ट आहे." आत्या म्हणाली, "अगं, संतोष कशाला खोटं लिहील?" शाळेत संतोषचा सत्कार झाला, अण्णांनाही शाल दिली. इतकं सगळं झालं आणि अण्णा एकदाही माझ्या दारात आलेले नव्हते. फोनवरही आमचं बोलणं नव्हतं. मला राहून राहून वाटायचं, हे आताच का लिहिलं यानं? याला माझ्याकडून काय हवंय?

आणि एका रविवारी अण्णा खरंच आले.

खालून हिराकाकूंनी हाक मारली, "मंगल, तुझं वडील आल्यात गं." जिन्यात अण्णा उभे होते, धोतर आवरून धरलेलं, हातात पिशवी, श्वास लागलेला. काकूंनी आधीच डोळ्याला पदर लावला होता. मी अण्णांना आत घेतलं, पाणी दिलं. ते रडले नाहीत. खोलीभर बघत होते. खिडकी कुठं, ओटा कुठं, पंखा कसला. मग विचारलं, "वर किती मजले हायेत?"

"हाच शेवटचा."

"मी गावात तीन सांगितलेत."

मला कळेना. अण्णांनी खाली बघत सांगितलं ते असं. गोष्ट वाचल्यापासून जो तो त्यांना विचारायचा, पोरीकडं जाऊन आलात म्हणं? घर कसंय? पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाही म्हणायला जीभ वळेना, म्हणून ते हो म्हणाले. मग दुसऱ्याला सांगावं लागलं, तिसऱ्याला. घर मोठंय, खिडकीतून ओढा दिसतो, लेकीनं पुरणपोळी केली होती. "लोकं इचारायलेत आन मी सांगायलोय," ते म्हणाले. "न बघितलेलं किती सांगावं माणसानं?"

म्हणजे हा माणूस माझ्यासाठी आलाच नव्हता. आपलं खोटं खरं करून घ्यायला आला होता. मी म्हटलं, "बघून झालं ना अण्णा? आता जेवून घ्या. दुपारची गाडी मिळेल."

ते जेवले. पण उठले नाहीत. पिशवीतून शाल काढून माझ्यापुढं ठेवली, सत्कारातली. "ही घरात ठेवू वाटेना," म्हणाले. "त्या पोरानं मला गोष्टीत रडवलंय. मी रडलो नव्हतो. तू गेलीस त्या दिवशी मी शेतात लिंबाखाली झोपलो होतो. चांगली झोप लागली होती मला."

इतकं खरं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी तेच विचारलं जे कुणालाच विचारलं नव्हतं. "संतोषनं मला जा म्हटलं, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

ते बोटानं शालीची किनार चाचपायला लागले.

"ठावं होतं. मला इचारूनच बोलला तो. दोघातलं एकच घरात राहू शकत होतं. मी त्याला ठिवलं."

मी भांडी उचलली आणि मोरीत नेऊन घासायला लागले. इतकी वर्षं मी संतोषला एकट्याला धरून बसले होते. अण्णांचं न बोलणं मला राग वाटायचा. तो राग नव्हता, तो निकाल होता. बाहेरून अण्णा म्हणाले, "माफ कर असं म्हणाय आलो नाही मी. ते गोष्टीत हाय. खरं काय झालं तेवढं तुला म्हाईत असावं."

त्या दिवशी ते गेले नाहीत. दोन दिवस राहिले. मी शिफ्टला गेल्यावर हिराकाकूंच्या अंगणात बसून त्यांच्याशी ज्वारी-बाजरीचं बोलायचे. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रडलं का गं?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा विरस झाला. मग म्हणाल्या, "आमचं हे बी कदी रडलं न्हाईत. पण ते दोन दिस कुठं राहत बी नसत."

अण्णा गेल्यावर मी संतोषला फोन केला. गोष्ट चांगली आहे म्हटलं. मग विचारलं, "त्यात भाऊ का नाही रे?"

पलीकडे शाळेची घंटा वाजली, पोरांचा गोंगाट झाला. गोंगाट थांबल्यावर संतोष म्हणाला, "अक्का, भाऊ ठेवला असता तर गोष्ट संपलीच नसती."

"मग संपवली नसतीस."

त्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, लहानपणी अंधाराला भिऊन माझ्या गोधडीत शिरायचा तेव्हा असाच ऐकू यायचा. मीच फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला मुलगी झाली. बारशाला ये म्हणून फोन आला, अण्णांनी स्वतः केलेला. इतक्या वर्षांनी मी त्या घरात गेले. ओसरीवर सगळं गाव जमलं होतं आणि प्रत्येक जण माझ्याकडं त्या गोष्टीतली मुलगी म्हणून बघत होता. आत्यानं मला मिठीत घेऊन मोठ्यानं विचारलं, "तुझ्या दारात अण्णा लेकरासारखे रडले म्हणं गं?" मी हसले. हसून वेळ मारून न्यायची, एवढंच मला त्या घरात शिकवलेलं होतं.

अण्णा खाटेवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "न्हाई रडलो. ती संतोषची गोष्ट हाय. हिला सासरच्यांनी फसवलं, आन लेकाचं लगीन अडाय लागलं म्हणून आमी हिला घराबाहेर काढलं. मी आन संतोषनं. ही आपल्या मनानं गेली न्हाई."

बायका पाळण्याकडं बघायला लागल्या. संतोष चहाचा ट्रे घेऊन दारात थांबला होता, त्याच्या बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिला हे नवीन होतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मला त्याची कीव आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. मग तो पुढं आला, पहिला कप माझ्यापुढं धरला आणि खाली बघत म्हणाला, "अण्णा म्हणले ते खरंय." माय पाळण्याची दोरी ओढत राहिली. तिनं पाळणा म्हणायला सुरुवात केली, आवाज फाटत होता, तरी म्हणत राहिली.

कुणी कुणाच्या पाया पडलं नाही. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर मी मोकळी होईन. तसं झालं नाही. आपण काढून टाकलेलो आहोत हे आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि बापाच्या तोंडून भरल्या ओसरीत ऐकणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मी चाकणला परतले, सोमवारी पहिली शिफ्ट होती.

आता गावाकडून फोन आला की मी अजूनही आधी विचार करते, याला काय हवंय? संतोषचा आला तर जास्तच. त्यानं दुसरी गोष्ट लिहायला घेतलीय म्हणे, या वेळी भाऊ आहे. छापून आली की वाचेन, पण आत्ताच विश्वास ठेवणार नाही. अण्णांचा फोन आला तर मात्र सरळ उचलते. ते पिकाचं बोलतात, मी लाइनचं बोलते, निम्मं त्यांना कळत नाही.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी खराबवाडीचा पत्ता सांगते. भाडं भरते, कुलूप लावते, कुणाला विचारून आत शिरत नाही, म्हणून ते माझं. गावच्या घराला मी माझं म्हणणार नाही. पण त्या ओसरीवर माझ्याबद्दल एकदा खरं बोललं गेलं आहे. तिथं आता मी दोन दिवस राहू शकते, बॅग उघडून, कपडे दोरीवर वाळत घालून.