तळाला चार मुठी बी

भेंडीवाल्या काकूंच्या बियाण्याच्या बरणीला घरात कुणी हात लावत नसे. तीस वर्षं त्या दर हंगामात सगळ्यात उमद्या झाडाला लाल दोरा बांधायच्या आणि त्याच्याच शेंगांचं बी राखायच्या. काकांनी एकदा नुसतं झाकण घट्ट करून दिलं, तर बिचाऱ्यांना दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं.

गेली दोन वर्षं मात्र भेंडी गुडघ्याच्या वर जायचं नाव घेत नव्हती. बरणीच्या तळाला उरलं होतं चार मुठी बी. ते गेलं की काकूंची भेंडी संपली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी सून म्हणाली, "आई, झाडाच्या वाढीला लागतं ते स्फुरद जमिनीत आहे, पण कोवळ्या मुळांना ते मिळत नाही. बीच स्फुरदाच्या पाण्यात भिजवू. शिदोरी घेऊनच उगवेल." काकूंनी चार दिवस नाक मुरडलं आणि पाचव्या दिवशी बरणी पुढे केली.

बी रात्रभर भिजलं. पहाटे सून कामासाठी परगावी निघाली. "आठला काढा, धुवा, सावलीत पसरा. पहिल्यासारखं खडखडीत वाळू द्या. आपली कालव्याच्या पाण्याची पाळी चार दिवसांनी, तेव्हा पेरू."

काकूंनी आठच्या ठोक्याला बी काढलं, धुतलं, पसरलं. पण फुगलेलं बी सुकायला लागलेलं पाहून त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. भिजवायचं आणि परत वाळवायचं, ही कुठली तऱ्हा? आजवर भिजलेलं बी त्यांनी ओल्या फडक्यातच बांधलं होतं. त्यांनी पुरचुंडी बांधली, शेगडीच्या उबेला ठेवली आणि वरून पाणी शिंपडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सून आली. फडकं सोडलं. बियांतून पांढरी टोकं डोकावत होती.

"आता वाळवलं तर मरेल," ती हळूच म्हणाली.

"आणि नाही वाळवलं तर?"

"पाण्याची पाळी येईपर्यंत कुजेल."

काकूंनी पुरचुंडी जवळ ओढली. तेवढ्यात शेजारीण दारातून डोकावली. "काय गं, त्या औषधाने बी नासवलं वाटतं?"

काकूंनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सून काही बोललीही नसती. तिची मान खाली होती आणि काकूंना ते सगळ्यात जास्त लागलं.

"औषधाला नावं ठेवू नकोस," काकू ताडकन म्हणाल्या. "हिने सांगितलं होतं वाळवा म्हणून. शहाणपणा मी केला." मग सुनेकडे वळल्या. "बादल्या घे. पाळीची वाट कोण बघतंय?"

दोघींनी हापशावरून पाणी वाहिलं. बोटाने खळगा करायचा, कोंब खाली ठेवायचा, वर चिमूटभर माती. एक कोंब काकूंच्या जाड बोटांत मोडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंधारून येईपर्यंत पाठ सरळ झाली नाही.

तिसऱ्या दिवशी काकू नखाने माती उकरायला गेल्या. सुनेने हात धरला. "आई, नको." काकू तशाच उकिडव्या बसून राहिल्या. चौथ्या दिवशी मातीला तडे गेले.

तिसरा हिस्सा उगवलाच नाही. बाकीची झाडं मात्र कमरेला लागली आणि तोडायला हात पुरेनात. हंगाम संपत आला तशा काकू लाल दोरा घेऊन निघाल्या, वाफ्याच्या कडेला थांबल्या आणि दोरा सुनेच्या हातात ठेवला.

"कुठल्या झाडाला बांधू?"

"तुला पटेल त्या. आणि बरणी आता तुझ्या खोलीत ठेव," काकू म्हणाल्या. "मी विचारल्याशिवाय हात लावणार नाही."