कारखान्याच्या नकाशावरचं भोक

गुऱ्हाळाचा विषय निघाला की मी आजवर बोलणं दुसरीकडे वळवत आलो. बायकोलाही अर्धंच सांगितलं. आता ते दिवस पाहिलेलं माणूस मामांच्या घरात उरलेलं नाही, आणि त्यांच्या गावात लोक म्हणतात की मामांनी आळसापायी धंदा मोडला. हे साफ खोटं आहे. तो मोडायला लावला गेला, आणि लावणाऱ्यांत मी होतो.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. शिरूरजवळचं घर सोडून मी दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात शेतकी ओव्हरसीअर म्हणून लागलो होतो. अजून कायम झालो नव्हतो. कारखान्याला तेव्हा पुढच्या दहा वर्षांच्या ऊसनियोजनाचं वेड लागलेलं. कोणत्या गावात किती लागण करायची, कुठला फड कधी तोडायचा, गाड्या कुठल्या रस्त्यानं आणायच्या, सगळं भिंतीवरच्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी काढलेलं होतं. त्या भागातला जो ऊस कारखान्याकडे न येता गुऱ्हाळांवर जाई, त्याला आमच्या मुख्य शेतकी अधिकाऱ्यांनी नाव दिलं होतं, 'गळती'. नकाशावर पेन्सिल आपटत ते ओरडायचे, "ही भोकं बुजवा! पुढच्या हंगामाला दुसरी मिल बसतेय. तिला खायला काय घालणार, तुमची टोपी?"

राहू गावाच्या बाजूला माझ्या सख्ख्या मामांचं गुऱ्हाळ होतं. म्हणजे मी बुजवायचं भोक तेच.

सायकल घेऊन गेलो. काहिलीत रस उकळत होता, गूळ करणारा गुळव्या रसावरची मळी काढत होता, आणि मामा चुलाणात चिपाडं सारत बसले होते.

"या भाचेसाहेब," मामा म्हणाले, "कारखान्याची साखर खाऊन त्वांड लई गोड झालं आसंल. आता जरा धूर खावा."

मी दहा वर्षांचं नियोजन समजावून सांगू लागलो. बोलता बोलता तो साहेबी शब्द तोंडातून गेला.

"काय म्हनला? गळती?" मामांनी गुळव्याकडं पाहिलं. "आयकलं का रं? आपुन गळती हाय!"

"मंग आता डांबर लावून बुजवत्यात का काय आपल्याला?" गुळव्या म्हणाला.

"आरं भाच्या, तुझ्या आयच्या लग्नाच्या पंगती ह्या गळतीतनंच उठल्या," मामा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्यानंतरही जात राहिलो. आगीपुढं कशाला भाजून घेता, टायरगाडी बांधावर येईल, दहा वर्षं सगळ्या शिवाराचा ऊस कारखाना नेईल, हेच घोकत राहिलो.

मामी एकदा आतून म्हणाली, "आन् न्हाई न्ह्याला तर?"

"मामी, मी कशाला हाय तिथं?" मी म्हणालो.

या एका वाक्यावर गुऱ्हाळ गेलं. मामांना नियोजनाशी काही देणंघेणं नव्हतं. आपलं पोर आत बसलंय, एवढंच त्यांनी पाहिलं.

मामांनी काहील मोडीत द्यायचं ठरवलं, त्याच सुमारास कारखान्यात बैठक झाली. नकाशा धरून उभा राहायला मी त्या खोलीत होतो. दुसरी मिल पुढं ढकलल्याचं अध्यक्षांनी सांगितलं. कधी बसणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मुख्य शेतकी साहेब लगेच म्हणाले, "हे गावांत बोलू नका. लोक लागणी थांबवतील." माना डोलल्या. चहा आला. माझ्या कायम होण्याच्या कागदावर याच साहेबांची सही व्हायची होती. मी नकाशा गुंडाळला आणि बाहेर आलो.

दौंडहून भंगारवाला आला. काहील गाडीत मावेना, म्हणून त्यानं छिन्नी लावली. मी बांधावर उभा होतो. मामा तिकडं पाठ करून म्हशीला पाणी दाखवत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं.

पुढच्या हंगामात शिवारोशिवार ऊस माजला, साखरेचा भाव पडला, आणि गाळायला मिल एकच. त्यातही अध्यक्षांनी पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून आपल्या सासुरवाडीचा, नियोजनात नसलेला ऊस ट्रकांनी आणला आणि आधी गाळला. नकाशातल्या रंगांची तेव्हा कुणाला आठवण झाली नाही. मामांच्या उसाला तुरे आले, तो वाळायला लागला. मी साहेबांकडं गेलो तर म्हणाले, "चाऱ्याला द्या म्हणावं." अजून आठवलं की हात शिवशिवतात. ज्याला हे लोक गळती म्हणत होते, कारखाना बंद पडला तरी त्याच गुऱ्हाळावर शिवार तगलं असतं. दहा वर्षांच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी दुसरी वाट मोडायला लावली, मग आपलं दार लावून घेतलं. आणि मी त्यांचा पगार घेत राहिलो. त्याच वर्षी कायमही झालो.

भाचा कारखान्यात आहे, या मामांच्या भरवशावर ऊस लावलेले शेजारी दारात येऊन बोलले, "तुमच्या भाच्याला इचारा की आता!" मामा त्यांच्यावरच उखडले. "त्या पोराला काय ठावं? वरच्यांनी त्यालाबी फशिवलं."

हे वाक्य ते जन्मभर बोलत राहिले. शेवटच्या आजारपणात मी ठरवून गेलो होतो. खाटेपाशी बसलो. "मामा, एक सांगायचंय," इतकं म्हणालो, तेवढ्यात शेजारचे आप्पा बघायला आले. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, "ह्यो माझा भाचा. कारखान्यात राहून सरळ राहिला बगा." मी चहा प्यालो आणि शिरूरची एस.टी. पकडली. मामा त्याच उन्हाळ्यात गेले.

मामा, मला ठाऊक होतं. छिन्नी पडायच्या आधीपासून ठाऊक होतं. मला कुणीही फसवलं नव्हतं, मी तुम्हाला फसवलं. मला माफ करा.