हुरड्याचं अत्तर

लतीफ मास्तर भेटले की नमस्कार करत नसत, मनगट धरत. कोल्हारच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी गणित. त्यांच्या खिशातून इवलीशी बाटली निघायची, बुचाची काडी माझ्या मनगटावर टेकायची आणि ते म्हणायचे, "लगेच वास घेऊ नका, मास्तर. दम धरा जरा. आन् खरं सांगा." दम धरायला मला वेळ कुठे होता? तिकडे घंटा झालेली असायची.

गुलाब-मोगऱ्याचा त्यांना तिटकारा. "गुलाब काय, कुनालाबी कळतो. त्यात आपलं काय?" म्हणून हा गृहस्थ ओल्या गोणपाटाचं नाहीतर साखर कारखान्याच्या मळीचं अत्तर करत बसायचा. मळीचं लावून मी एकदा नववीवर गेलो. आधी गुळासारखा गोड वास आला, मग आंबूस, आणि दुपारपर्यंत माझ्या हाताला नुसता गोठा. पोरं आपापल्या चपला उलट्या करून पाहत होती. मी वैतागून हे मास्तरांना सांगितलं, तर ते खूश! "म्हंजे लवकर उडत न्हाई!"

बहात्तरच्या दुष्काळात मात्र माझं डोकंच फिरलं. माझे वडील, तात्या, तापातून उठले होते, पण रेशनच्या लाल मिलोची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. "ही जनावरांची ज्वारी," म्हणून ताट सरकवायचे. पोटात अन्न गेलं नाही तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशात कळलं, की नदीकाठच्या एका विहिरीवर थोडी ज्वारी तगली आहे आणि लतीफ मास्तरांनी तिथून ओंजळभर कोवळी कणसं मागून नेलीत. मी धावत त्यांच्या घरी गेलो. कणसं भाजून, चोळून, कधीच तेलात पडली होती.

"अहो, माझा बाप उपाशी आहे आणि तुम्ही हुरड्याचं अत्तर करता?" मी ओरडलो.

"मला काय ठावं, मास्तर?" त्यांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. मग त्यांनी माझं मनगट धरून काडी टेकवलीच.

हात झटकून मी घरी आलो. तात्यांना जेवायला उठवून बसवताना ते एकदम थबकले. माझं मनगट नाकाशी धरून म्हणाले, "आगटी कुनाची पेटलीय रं?" आगटी म्हणजे हुरडा भाजायचा शेतातला जाळ.

"पेटलीय कुठंतरी," मी म्हणालो. ते वास घेत राहिले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मिलोची भाकरी मोडली. अर्धी संपवली. मला रडूच आलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून ऐन जेवणाच्या वेळी लतीफ मास्तर दारात. "तात्या, खरं सांगा, धूर कमी पडतोय ना?"

"व्हय, जरा कमीच हाय," म्हणत तात्या खायचे. दोघे माझ्या मनगटावर नाक ठेवून चर्चा करायचे आणि माझी भाकरी गार व्हायची. पण तात्या उठून हिंडायला लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी लतीफ मास्तर गेले. कफनाला लावायला त्यांच्या भाच्याने बाजारातून अत्तर आणलं. तेही गुलाबाचं! माझा असा संताप झाला, की मी तसाच घरी गेलो आणि तात्यांच्या कोनाड्यात जपलेली हुरड्याच्या अत्तराची बाटली घेऊन आलो. तळाशी थोडंसं उरलं होतं. "हे लाव," मी म्हटलं.

भाच्याने बूच काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कसलं हो, मास्तर?"

"लगेच वास घेऊ नकोस," मी म्हणालो. "दम धर जरा."