साहेबाचा एल्क आणि आमचा कुकर

हे बघा, चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि नंदाच्या गालिच्यावरचा डाग अजून निघालेला नाही. ठेवलात? हं. तर काय सांगू तुम्हाला, माणसानं गाढवपणा करावा तर असा करावा, की पुढे जन्मभर बायकोला टोमण्यांसाठी दुसरा विषय शोधावा लागू नये!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत चँडलरला आम्ही नवेकोरे. मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आणि वॉल्ट माझा साहेब. सव्वासहा फूट उंच, आवाज खणखणीत, माणूस मात्र लोण्याचा. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच्या टेबलावर पडलेले. त्याची एक सही झाली की ते पुढे सरकणार. पण साहेब दर शुक्रवारी "नेक्स्ट वीक, श्री, नेक्स्ट वीक" म्हणायचा. शेवटी नंदा म्हणाली, "जेवायला बोलवा त्याला. माझी पुरणपोळी खाऊन कोण सही करत नाही ते बघते मी!"

वॉल्टनं चार पोळ्या हाणल्या. हात धुतले आणि थेट भिंतीवरच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला. फोटोत मी. वय वर्षं वीस, हातात बंदूक, एक पाय वाघाच्या पाठीवर.

अहो, जत्रेतला फोटो तो! वाघ प्लास्टरचा, बंदूक लाकडाची. वाघाचा एक कान उडाला होता, म्हणून फोटोग्राफरनं मला तिथे हात ठेवायला लावला होता. पण काळापांढरा फोटो, त्यात सगळं खपून गेलं.

"श्री! यू हंट?"

आता "नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आपण लहानपणापासून शिकलोय काय, की साहेबानं विचारलं की आधी "येस सर" म्हणायचं आणि प्रश्न काय होता ते नंतर बघायचं!

"येस सर," मी म्हणालो. नंदाच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"टायगर?"

"येस सर."

"बाय युअरसेल्फ?"

"येस सर. पण तसा लहानच होता."

झालं! वॉल्टनं मला मिठीच मारली. कळलं ते असं, की हा बाबा नऊ वर्षं एल्कच्या परमिटसाठी अर्ज करत होता आणि त्या वर्षी पहिल्यांदा लॉटरीत त्याचं नाव निघालं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला भाऊ समजा. एक परमिट, एक एल्क आणि हातात एक वीकएंड. "तू माझ्याबरोबर येतोयस," साहेबानं जाहीर केलं. "वाघ मारणारा माणूस बरोबर असताना एल्क जाईल कुठे? आणि तुझे कागद ना, मंडे मॉर्निंग, फर्स्ट थिंग!"

तो गेल्यावर नंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, झुरळ दिसलं की पलंगावर चढता तुम्ही!"

"बंदूक तोच चालवणार गं. मी नुसता एक्स्पर्ट."

"खरं काय ते सांगून टाका."

"सांगतो ना. सहीनंतर."

मग सामानाची खरेदी. शिकारीच्या दुकानात गेलो, झोपायच्या पिशवीवरचं किमतीचं लेबल वाचलं, पिशवी हळूच होती तिथे ठेवली आणि घरी आलो. नंदा म्हणाली, "खुळे आहात का? सगळं घरात आहे." आणि खरंच होतं हो! झोपायला होल्डॉल. डोक्याला माकडटोपी. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून जंगलात उठून दिसणारं नारिंगी काहीतरी घालायचं असतं म्हणे, तर आमच्या लग्नातला केशरी फेटा. स्वयंपाकाला सासऱ्यांनी दिलेला पंपाचा स्टो आणि तीन लिटरचा कुकर. डाळतांदूळ, हळद, मीठ तिनं एकत्र बांधून दिलं. "तीन शिट्ट्या करा आणि उतरवा. एवढं तरी जमेल ना, वाघमारे?"

शनिवारी निघालो. वॉल्टची गाडी निवडुंगातून वर वर चढत पाइनच्या जंगलात शिरली. त्याचं एकेक सामान म्हणजे काय विचारता! कॅटलॉगमधून मागवलेलं, कोरं करकरीत. आणि गळ्यात एक नळी. ती फुंकली की एल्कसारखा आवाज निघतो आणि दुसरा नर भांडायला धावून येतो, अशी ती युक्ती. वर्षभर गाडीत कॅसेट लावून बिचाऱ्यानं सराव केला होता.

रविवारी सकाळी साहेब उठला तो दात वाजवत. त्याच्या भारी पिशवीची चेन अडकली होती, त्यामुळे तो अर्धा आत, अर्धा बाहेर! मी होल्डॉलमधून माकडटोपीसकट ताजातवाना बाहेर आलो. तो बघतच राहिला. "हेच वापरून तू वाघ...?"

"येस सर."

त्याच्या डोळ्यांतला आदर बघून मला स्वतःचीच लाज वाटली. पण सोमवार एकच दिवस लांब होता ना!

दुपारपर्यंत तो नळी फुंकत राहिला. एल्क सोडा, खारसुद्धा फिरकली नाही. अधूनमधून तो कुजबुजत विचारायचा, "श्री, व्हॉट डू यू थिंक?" मग मी मातीची चिमूट उचलायची, हुंगायची आणि म्हणायचं, "पेशन्स." चार वेळा म्हणालो. चारही वेळा त्यानं मान डोलावली!

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले. साहेबाच्या तीन बटणांच्या स्टोनं एकदा फुस्स केलं आणि मान टाकली. मी आपला स्टो काढला, पिन मारली, पंप दिला, भर्रकन पेटला! वॉल्ट म्हणाला, "यू कुक. मी तिकडे त्या ओंडक्यामागे बसतो. संध्याकाळी परमिट संपतंय." चाळीसेक पावलांवर तो बंदूक घेऊन दिसेनासा झाला.

मी डोक्याला फेटा बांधला, कुकर चढवला आणि पाय पसरून बसलो. जंगल कसं शांत होतं. आणि आली पहिली शिट्टी.

अहो, ती शिट्टी! घरी ओट्यावर ऐकतो ती वेगळी. तिथे ती झाडांवरून, दरीवरून, पार पलीकडच्या डोंगराला जाऊन आपटली. आणि तिकडून उत्तर आलं! आधी घोगरं, मग चढत चढत थेट शिट्टीत जाणारं.

मला वाटलं, वॉल्टच नळी फुंकतोय. भूक लागली असणार. मी ओरडलो, "टू मोर, सर!"

दुसरी शिट्टी. उत्तर जवळून आलं, जरा रागावलेलं. मी म्हटलं, काय हा माणूस, दहा मिनिटं धीर निघत नाही? "कमिंग, सर, कमिंग!"

तिसरी शिट्टी झाली आणि समोरची झुडपं कडाकड मोडली.

उभा होता! घोड्याएवढा! डोक्यावर शिंगांचा हा एवढा मांडव, नाकातून वाफ, आणि डोळे माझ्या कुकरवर. त्याला वाटलं असणार, आपल्या राज्यात हा कोण बुटका, पोटभर शिट्ट्या मारतोय!

एल्कच्या मागे, ओंडक्याआडून वॉल्टचं तोंड वर आलं. डोळे भरलेले. नऊ वर्षांचं स्वप्न वीस पावलांवर. पण त्याच्या बंदुकीच्या रेषेत पलीकडे कोण? केशरी फेटा! त्यानं हातानं खूण केली, खाली झोप. नुसतं खाली झोपायचं होतं हो मला! एवढंच काम!

मी काय केलं? कुकर पोटाशी धरला, चटका बसला, आणि गल्लीतल्या म्हशीला हाकलावं तसा जीव खाऊन ओरडलो, "हॅट! हॅट! हॅऽऽट!" आणि होल्डॉलमध्ये शिरून वरून पट्टे ओढून घेतले.

एल्क जो सुटला, तो बहुतेक पुढच्या राज्यात जाऊन थांबला असेल.

थोड्या वेळानं मी होल्डॉलमधून डोकं बाहेर काढलं. वॉल्ट ओंडक्यावर बसला होता, बंदूक बाजूला, चेहरा ओंजळीत. खरं सांगतो, त्या क्षणी ग्रीन कार्ड आठवलंसुद्धा नाही. त्या भल्या माणसाचंच फार वाईट वाटलं. मी जवळ गेलो आणि सगळं सांगून टाकलं. जत्रा, लाकडी बंदूक, वाघाचा कान. सही गेली तर गेली म्हटलं.

"प्लास्टर?" तो म्हणाला.

"येस सर." आयुष्यातलं पहिलं खरं येस सर.

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. तर नाही! हसत होता. हसता हसता ओंडक्यावरून खाली पडला. खाली पडून पुन्हा हसला. मग डोळे पुसत विचारलं, "पण मग त्याला बोलावलं कोणी?"

मी कुकरकडे बोट दाखवलं.

वॉल्ट कुकरपुढे गुडघे टेकून बसला. झाकण उघडून आत बघितलं, शिट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. मग दोन ताटल्या खिचडी खाल्ली, पण नजर शिट्टीवरच.

सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून त्यानं सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाला, "श्री, पुढच्या वर्षी माझ्या भावाला परमिट मिळालं तर आमच्याबरोबर येणार का?"

मी छाती फुगवून म्हणालो, "येस सर!"

"तू नाही. कुकर."

आणि गेला हो कुकर! पुढच्या सप्टेंबरात रीतसर गेला, पुढच्या सीटवर बसून, नंदानं घासूनपुसून दिलेला. आठ दिवसांनी ऑफिसच्या बोर्डावर फोटो लागला. वॉल्ट, त्याचा भाऊ, एल्क आणि मधोमध आमचा कुकर. त्याच्याकडे बाण काढून खाली लिहिलं होतं, "अवर इंडियन एक्स्पर्ट."

मी हिरमुसून घरी आलो आणि नंदाला त्या फोटोचं सांगितलं. त्याच दिवशी टपालानं माझं ग्रीन कार्ड आलं होतं. नंदानं ते हातात घेतलं, उजेडात धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे हो. फोटो तेवढा चुकून तुमचा लागलाय."