दोन्ही हात डावे

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. कटिंग मास्तर कापडाच्या चाळीस थरांतून विजेची सुरी फिरवत आहेत. खडूच्या रेघेवरून पातं केसभर ढळत नाही. टेबलाखाली पाण्याची बाटली आहे. आत पाणी कमी आहे.

आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा डोक्यातली चक्रं थांबावीत म्हणून दारूचे दोन घोट सुरू झाले. पुढे घोट चुकला की हात थरथरायचा, आणि हात थरथरू नये म्हणून घोट सकाळवर आला. चार महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी मास्तरांना घरी बसवलं होतं. बायकोनेच रदबदली केली. ती त्याच टेबलावर कापड अंथरते. आता ते घेत नाहीत, मी आहे ना लक्ष ठेवायला, असं ती म्हणाली होती.

आज चाळीस कोटांच्या बाह्या कापायच्या आहेत. एरवी ती एक थर सुलटा, एक उलटा अंथरते. डाव्या-उजव्या आपोआप निघतात. आजच्या कापडाला लव आहे, ती सगळीकडे एकाच दिशेला हवी, म्हणून सगळे थर सुलटे. खाली बटणं आणायला जाताना तिने बजावलं होतं, "अहो, पहिल्या थप्पीत सगळ्या डाव्या निघतील. दुसरीला पुठ्ठ्याचा फर्मा पालथा ठेवा." मास्तरांनी मान हलवली होती.

पहिली थप्पी कापून झाली. मास्तरांनी दोन बाह्या उचलल्या. दोन्ही डाव्या. आणखी दोन, त्याही डाव्या. तिचं बोलणं डोक्यातून साफ गेलं होतं. कपाळाला घाम सुटला, बोटं थरथरू लागली. त्यांनी बाटली तोंडाला लावली. पाच मिनिटांत हात स्थिर झाला आणि एक विचार सुचला, जो त्या वेळी फार हुशारीचा वाटला: एक थप्पी चुकली तर चूक मास्तरची, दोन्ही सारख्याच निघाल्या तर अंथरणाऱ्याची.

खरं तर काहीच चुकलं नव्हतं. फर्मा पालथा घातला की काम पुरं होणार होतं. मास्तरांनी तो होता तसाच ठेवला आणि दुसरी थप्पी कापली. सुरेख कापली.

अकराला शिवणाऱ्या बाईने दोन बाह्या हवेत धरल्या. "मास्तर, यांच्या गिऱ्हाइकाला उजवा हातच नाही की काय?" सगळा हॉल हसला. मालकीणबाई आल्या तेव्हा थांबला. ऐंशी बाह्या, सगळ्या डाव्या.

"कापड हिने अंथरलं," मास्तर म्हणाले.

बायको बटणांचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिने टेबलाखालच्या बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अंथरलं मीच," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मालकीणबाईंनीही बाटली पाहिली. वाकून उचलली मात्र नाही. परवा माल द्यायचा आहे, आणि कापणारा दुसरा माणूस नाही. अंथरणारी कुठेही मिळते. त्यांनी बायकोला खालच्या मजल्यावर धागे तोडायला पाठवलं.

उद्या साडेआठला त्याच कापडाचा नवा तागा येईल. कापणार मास्तर. नवी बाई मिळेपर्यंत अंथरणारही तेच.